दोनदा टकटक

“दाब सांगितलास?” हेडफोन कानावर चढवत मी पिसाळला विचारलं.

“सांगितला की.”

“त्यानं परत म्हटला?”

“टकटक केलं, मॅडम.”

“तोंडानं म्हटला का, ते विचारतेय मी.”

“अहो, सरनाईक आहे. जुना माणूस. त्याला आपण काय शिकवायचं?” असं म्हणत पिसाळ खुर्चीतून उठला, पाठ मोडून सरळ केली आणि बाटलीतलं पाणी प्यायला लागला. त्याची पाळी संपली होती, माझी सुरू होत होती.

सरनाईक. ते नाव कानावर पडलं की माझं डोकं फिरायचं. नऊ वर्षं फिरत होतं.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मी विमानतळावर रडारवर बसायचे. खाली उतरणाऱ्या विमानाला वाट द्यायची, उंची द्यायची आणि त्या वेळचा हवेचा दाब सांगायचा. विमानातलं उंची दाखवणारं घड्याळ त्या दाबावर चालतं. वर, आभाळात, सगळी विमानं एक हजार तेरा हा एकच आकडा लावून उडतात. खाली यायला लागलं की तो बदलून त्या गावचा आकडा लावायचा. हे विसरलं तर घड्याळ खोटं बोलतं. दहा आकड्यांचा फरक म्हणजे जवळजवळ तीनशे फूट. वैमानिकाला वाटतं आपण डोंगराच्या वर आहोत, आणि डोंगराला वाटतं पाहुणा घरात आला.

म्हणून नियम असा की आम्ही सांगितलेला आकडा वैमानिकानं तोंडानं परत म्हणायचा. पण रोज तेच ते बोलून माणसं कंटाळतात. मग बोलायचं बटण नुसतं दोनदा दाबायचं. आमच्या कानात टक टक वाजतं. त्याचा अर्थ, ऐकलं, कळलं, पुढचं बोला. नियमात हे कुठेही नाही, पण सगळे करतात आणि आम्हीही सगळे चालवून घ्यायचो. मनोहरनंही एकदा चालवून घेतलं होतं.

मनोहर धुमाळ म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघं एकाच बॅचचे, एकाच खोलीत काम करणारे. रडारवरचा त्याचा आवाज असा शांत, की वादळात अडकलेले वैमानिक खाली उतरल्यावर त्याला भेटायला वर यायचे. नऊ वर्षांपूर्वी अशाच ढगाळ दुपारी सरनाईकचं विमान ठरल्यापेक्षा खाली आलं. मनोहरनं लगेच इशारा दिला. उत्तर आलं, टक टक. मनोहरला वाटलं, ऐकलं, आता वर जाईल. विमान गेलं ते टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला पोट घासून. रनवेपर्यंत कसंबसं पोचलं. मागच्या बाजूला उभी असलेली एअरहोस्टेस जागच्या जागी गेली. बाकीचे वाचले.

पुढं चौकशी. टेपवर मनोहरचा इशारा स्वच्छ होता आणि त्याच्यापुढं ते टक टक. सरनाईकनं शपथेवर सांगितलं, “मला काहीही ऐकू आलं नाही. बटण मी दाबलं नाही.” त्या वेळी दुसरं एक विमानही त्याच फ्रिक्वेन्सीवर होतं. टकटक कुणाची, कोण सांगणार? विमानातली टेप खराब निघाली. त्याच्या को-पायलटनं हो ला हो केलं. समितीनं लिहिलं की नियंत्रकानं इशारा दिला, पण तो वैमानिकापर्यंत पोचल्याची खात्री करून घेतली नाही. मनोहरला रडारवरून उठवून स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. आणि सरनाईकला, एवढं मोडकं विमान खाली आणलं म्हणून, टाउन हॉलमध्ये शाल-श्रीफळ! पेपरात फोटो! मी तो फोटो बघितला आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

मनोहरनं वर्षभरात नोकरी सोडली. त्याचं मला एवढं वाटलं नाही, नोकऱ्या जातात. पण तो हळूहळू स्वतःच्याच कानावर अविश्वास दाखवायला लागला. भाजी निवडता निवडता मध्येच विचारायचा, “रेवती, ते टकटक खरंच त्याचंच होतं का गं? की मला घाई झाली? अजून एकदा बोललो असतो तर?” मी म्हणायचे, “त्याचंच होतं.” तो म्हणायचा, “तुला काय माहीत? तू तिथं नव्हतीस.” खरं होतं, मी नव्हते. एका मुलीचा जीव आपल्यामुळे गेला, असं धरून तो माणूस जगत होता. आणि त्यातून त्याला सोडवू शकेल असा जगात एकच माणूस होता, तो ढगात बसून टकटक करत हिंडत होता.

तर अशी सगळी गंमत. महिन्याभरापूर्वी कंपनीनं सरनाईकला पुन्हा आमच्या मार्गावर पाठवलं होतं. मी तेव्हापासून वाट बघत होते. कशाची, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं, की त्याचं विमान आलं की मी डोळ्यात तेल घालून बघायचे, आणि ते सुखरूप उतरलं की मला थोडं वाईट वाटायचं.

त्या दुपारी मी खुर्चीत बसले आणि पडद्यावर बघितलं. ‘चंडोल सात-दोन’, सरनाईकचं विमान, डोंगराच्या बाजूनं येत होतं. विमानाला उतरती वाट दाखवणारा रेडिओचा किरण त्या बाजूच्या रनवेला नव्हता. अमुक अंतरावर अमुक उंची, असं पायऱ्या उतरत यावं लागायचं. जुलैचे ढग डोंगराच्या गळ्यापर्यंत आलेले, खिडकीतून काही दिसत नव्हतं. विमान जिथं होतं तिथली पायरी तीन हजार फुटांची. पडद्यावर आकडा होता दोन हजार सातशे चाळीस. मी बघेपर्यंत दोन हजार सातशे झाला.

पुढच्या क्षणी विमानाच्या खुणेशेजारची अक्षरं लाल होऊन लुकलुकायला लागली आणि खोलीतला भोंगा वाजला. पिसाळच्या हातातली बाटली तशीच राहिली.

रेडिओवर आम्ही इंग्रजीतच बोलतो, इथं मराठीत सांगते. मी बटण दाबलं. “चंडोल सात-दोन, कमी उंचीचा इशारा. तुमची उंची ताबडतोब तपासा. हवेचा दाब एक हजार तीन. इथली किमान उंची तीन हजार फूट.”

कानात आलं, टक टक.

अंगावर काटा येतो म्हणतात ना, तसं नाही झालं मला. माझं अंग पेटलं. तेच! तस्संच! नऊ वर्षं मनोहर ज्याच्यावर शंका घेत होता, ते माझ्या दोन्ही कानांत ताजं ताजं वाजलं.

खोटं कशाला बोलू? त्या घटकेला तो माणूस मेला असता तर मला रडू आलं नसतं. पण त्याच्या मागं सत्तर माणसं पट्टे बांधून बसली होती, त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? आणि दुसरं म्हणजे, मेला असता तर सुटला असता. मला तो जिवंत हवा होता. बोलता हवा होता.

“चंडोल सात-दोन, टकटक नको. तोंडानं बोला. दाब एक हजार तीन, परत म्हणा. उंची तपासा!”

आता आवाज आला. जाड, आळसावलेला, चौकशीच्या टेपवर मी कितीदा तरी ऐकलेला. आणि हे मात्र तो चक्क मराठीत म्हणाला, “अहो, इथं विमानात आधीच एक बाई ओरडतेय. त्यात आणखी तुम्ही!”

मागं खरंच ऐकू येत होती ती बाई. जमीन जवळ आली की विमानातलं एक यंत्र बाईच्या आवाजात ओरडतं, वर घ्या, वर घ्या. आमच्या डोंगरावर चढण एकदम असल्यामुळं ते यंत्र विमान बरोबर उंचीवर असलं तरी पुष्कळदा उगाच ओरडायचं. वैमानिकांनी त्याचं नावच ठेवलं होतं आत्याबाई. आल्या आत्याबाई, ओरडून गेल्या आत्याबाई, असं हसत बोलायचे. रोज खोटी ओरडते म्हणून आजही खोटीच, असा सरनाईकचा हिशोब होता. पण आज आत्याबाईंचं खरं होतं.

दोन हजार सहाशे दहा. पुढं टेकडी, टेकडीवर नवीन बांधलेली टाकी.

मी उभी राहिले. बसून बोलताच येईना. “चंडोल सात-दोन, अप्रोच रद्द! विमान आत्ताच्या आत्ता वर घ्या! तीन हजार आठशेपर्यंत चढा! पुढं टेकडी आहे, समोर, दोन मैलांवर!”

काहीच नाही. नुसती खरखर.

“मॅडम...” पिसाळ म्हणाला.

“गप्प बस!” मी त्याच्यावर ओरडले आणि पुन्हा बटण दाबलं. “सात-दोन! को-पायलट कोण आहे तिथं? ज्याला ऐकू येतंय त्यानं विमान वर घ्या!”

“चढतोय,” दुसरा आवाज आला. कापरा, पण स्पष्ट. “तीन हजार आठशेपर्यंत चढतोय, सात-दोन.” आणि त्याच्या आवाजामागं सरनाईक काहीतरी वसकन बोलल्याचं ऐकू आलं.

आकडा आधी जिथल्या तिथं राहिला. मग वर सरकायला लागला. हिरवा ठिपका टेकडीच्या खुणेवरून पलीकडे गेला आणि लाल अक्षरं विझली. भोंगा थांबला. पिसाळ भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याच्याकडे बघून मला हसू आलं असतं, पण माझं काम अजून झालं नव्हतं.

“चंडोल सात-दोन,” आता मी अगदी गोड बोलत होते, “तुमच्या घड्याळावर दाबाचा आकडा काय लावलाय? कॅप्टननं स्वतः सांगावं.”

मी पेन उघडून कागद पुढं ओढला.

“एक हजार तेरा,” सरनाईकचा आवाज आला.

आभाळातला आकडा घेऊन हा माणूस डोंगरात उतरत होता. विसरला होता, आणि पिसाळनं सांगितलं तेव्हा टकटक करून मोकळा झाला होता. आता ते त्यानं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या तोंडानं, टेपवर सांगितलं. या वेळी दुसरं कुठलंही विमान फ्रिक्वेन्सीवर नव्हतं. मी मुद्दाम पडद्यावर आजूबाजूला बघून घेतलं होतं.

“एक हजार तीन लावा,” मी म्हटलं. “परत म्हणा.”

“एक हजार... तीन.”

“धन्यवाद, कॅप्टन.”

दुसऱ्या खेपेला विमान नीट उतरलं. आमच्याकडे असं काही झालं की माणसाला लगेच खुर्चीतून उठवतात. मलाही उठवलं. ड्यूटी ऑफिसरनं टेप सील केली, मी बाजूच्या टेबलावर बसून रिपोर्ट लिहिला, त्यांनी सही केली आणि तो तिथूनच मुख्यालयाला गेला. इतकं सुंदर अक्षर माझं शाळेतही कधी आलं नव्हतं.

मी पर्स उचलून बाहेर पडते तर कॉरिडॉरमध्ये सरनाईक. टोपी काखेत, केस पांढरे, पण ताठा तोच. पिसाळ त्याला घेऊन आला होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

“मॅडम, आभार मानायला आलो,” सरनाईक म्हणाला. “आज तुमच्यामुळे... काय बोलू? आपलं नाव?”

“रेवती धुमाळ.”

“वा! धुमाळ म्हणजे कोल्हापूरकडचे का?”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला आठवतच नव्हतं! ज्या नावावर यानं आपली सगळी घाण टाकली, ते नाव त्याच्या लक्षातही नव्हतं. मी नऊ वर्षं त्याचं नाव रोज घेत होते, देवाचं घ्यावं तसं, आणि हा मला विचारतोय कोल्हापूरकडचे का!

त्यानं पिसाळला डोळ्यानं जायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. “मॅडम, चार महिन्यांत मी रिटायर होतोय. आजचं हे वर गेलं तर शेवटी शेवटी सगळं वाया जाईल. माणूस एखाद्या वेळी विसरतो. तुम्ही समजून घ्याल, अशी आशा आहे. काही लिहिणार असाल तर... तुमच्या हातात आहे.”

म्हणजे रिपोर्ट गेलाय, हे पिसाळनं त्याला सांगितलंच नव्हतं. घाबरला असणार.

“माझे मिस्टर इथंच होते,” मी म्हटलं. “मनोहर धुमाळ. रडारवर. पाण्याच्या टाकीच्या वेळी.”

आता मात्र रंग उतरला. टोपी काखेतून सुटली, ती त्यानं वाकून उचलली आणि उठताना भिंतीचा आधार घेतला.

“घरी चला,” मी म्हटलं. “मागंच क्वार्टर आहे आमचं.”

“कशाला?”

“त्या दिवशी तुम्ही इशारा ऐकला होता. ते त्याला सांगा. एवढंच.”

तो हिशोब करत होता, मला दिसत होतं. “आणि मग आजचं हे... आपल्यातच राहील?”

“चहा घेऊ आधी,” मी म्हटलं.

त्याला ते ‘हो’ वाटलं. वाटू दे. मी हो म्हटलं नव्हतं.

मनोहर बाहेरच्या खोलीत पेपर पसरून शेपू निवडत बसला होता. नोकरी सोडल्यापासून घरचं बरंचसं तोच बघायचा. मी आत शिरले, माझ्यामागं बूट काढून सरनाईक शिरला. मनोहरनं मान वर केली आणि त्याच्या हातातली काडी पेपरावर पडली. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

“बसा,” मनोहर म्हणाला. असा आहे तो. त्याच्या जागी मी असते तर उभं ठेवलं असतं.

मी चहा टाकला. चांगल्या सेटमधले कप काढले, निळ्या फुलांचे, पाहुण्यांसाठीचे. मला सगळं रीतसर करायचं होतं. चहा समोर ठेवला आणि मनोहरच्या बाजूला जाऊन बसले.

“मनोहर, यांना तुला काही सांगायचंय.”

सरनाईक खाकरला. “धुमाळसाहेब, झालं ते फार वाईट झालं. त्या दिवशी हवामानच असं होतं, की कुणाचाच दोष...”

“हवामानाचं नको,” मी म्हटलं.

“रेवती,” मनोहर हळूच म्हणाला.

“तू थांब. कॅप्टन, सरळ बोला.”

“कदाचित त्या वेळी इशारा माझ्या कानावर...”

“कदाचित?”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की वर आभाळात असता तर मला खाऊन टाकलं असतं. पण तो माझ्या घरात होता, आणि त्याला रिटायर व्हायचं होतं.

“ऐकला होता,” तो म्हणाला. “तुमचा इशारा मी ऐकला होता, धुमाळ. अगदी स्पष्ट. बटण मीच दाबलं. दोनदा.”

मनोहरनं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. मग रडारवर बोलायचा त्या आवाजात त्यानं विचारलं, “पहिल्याच इशाऱ्याला?”

“हो.”

“दुसरं विमान नव्हतं ते?”

“नाही. मीच.”

“ऐकलंत, मग खाली का येत राहिलात?”

“वाटलं, नेहमीचंच आहे. ते यंत्रही ओरडत होतं, तुम्हीही बोलत होतात. दोघांनाही गप्प करावं म्हणून टकटक केलं.”

“आणि चौकशीत?”

“घाबरलो. सगळं गेलं असतं हो.”

“माझं गेलं,” मनोहर म्हणाला. रागानं नाही. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा, तसं.

सरनाईकनं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. अवघड काम पार पाडल्यासारखा तो जरा सैल झाला, पाठ सोफ्याला टेकली, आणि चहाचा कप हातात घेत माझ्याकडे वळून म्हणाला, “बरं, मॅडम. मी माझा शब्द पाळला. मग ते रिपोर्टचं आता नको ना?”

“रिपोर्ट गेला,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“तुम्ही आमची पायरी चढायच्या आधीच गेला. टेपही सील झाली. त्या टेपवर तुम्ही सांगितलेला आकडा आहे, आणि आधीच एक बाई ओरडतेय, त्यात आणखी तुम्ही, असं मला म्हणालात तेही आहे.”

कप बशीवर आदळला. “तुम्ही मला फसवलंत! तुम्ही कबूल केलं होतं!”

“काय कबूल केलं होतं? मी चहा घेऊ म्हटलं. हा घ्या चहा.”

“हा विश्वासघात आहे! ही काय माणुसकी झाली?”

आई शप्पथ, त्या क्षणाइतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नाही. लग्नात नाही, प्रमोशनला नाही. लोक सांगत असतात, सूड घेऊन काय मिळतं? मला विचारा. मला शांत झोप मिळाली.

“आणि हे जे आत्ता बोललात,” मी म्हटलं, “तेही मी चौकशीत सांगणार. तुम्ही नाही म्हणालच. म्हणा. या वेळी दोघं ऐकणारे आहेत.”

तो उठला. मनोहरकडे वळून म्हणाला, “धुमाळसाहेब, तुम्ही तरी यांना समजवा. तुम्ही सज्जन माणूस आहात.”

मला धास्ती वाटली. मनोहर खरंच सज्जन आहे, आणि सज्जन माणसाचा ऐन वेळी काही भरवसा देता येत नाही. तोही उठून उभा राहिला. सरनाईकच्या अगदी समोर गेला.

“कॅप्टन, एक विचारू?”

“विचारा ना.”

“त्या मुलीचं नाव काय होतं?”

“कोणत्या मुलीचं?”

“तुमच्या विमानात मागं उभी होती ती. गेली ती.”

सरनाईक आठवायला लागला. खरंच आठवायला लागला, कपाळाला आठ्या घालून, एकदा छताकडे बघून. मनोहर थांबला. त्यानं त्याला घाई केली नाही, मदतही केली नाही.

“बरीच वर्षं झाली...” सरनाईक शेवटी पुटपुटला.

“मला विसरायला जमलं नाही,” मनोहर म्हणाला. “नऊ वर्षं रात्री मी तिला उत्तर देतोय. आता तुम्ही द्या.” त्यानं दार उघडलं. “नाव मी सांगणार नाही. शोधा. चौकशीत तेही विचारतील.”

सरनाईक पायरीवर बसून बूट घालायला लागला. नाडी काही त्याला बांधता येईना. दोनदा सुटली, मग तशीच लोंबती ठेवून तो उठला. मनोहर दारात उभा राहून तो फाटकापर्यंत जाईस्तोवर बघत होता. हात जोडले नाहीत, या पुन्हा म्हटलं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत घरातून कुणी असं गेलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

चौकशी झाली. सरनाईकचं लायसन गेलं. जुनी फाईलही उघडली, त्याचा त्या वेळचा को-पायलट या खेपेला खरं बोलला, आणि मनोहरच्या नावापुढचा शेरा काढून टाकल्याचं पत्र आलं. पण ते सगळं नंतरचं, आणि खरं सांगायचं तर ते पत्र मनोहरनं नीट वाचलंही नाही. त्याचं काम त्याच दुपारी झालं होतं.

त्या दुपारी दार लावून मी आत आले. सरनाईकचा चहा तसाच होता, वर साय धरलेला. मी तो मोरीत ओतला. कप विसळायला घेतला आणि मला एकदम किळस आली. मी मागचं दार उघडलं आणि कप कंपाउंडच्या भिंतीवर फेकून मारला. खळ्ळकन फुटला.

“अगं, काय करतेस?” मनोहर मागं येऊन उभा होता. “सेट मोडलास की.”

“मोडू दे. त्यानं हात लावलेला कप मला घरात नको.”

तो काही वेळ भिंतीखालच्या निळ्या फुलांच्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग आत गेला, टेबलावरून सरनाईकची बशी घेऊन आला आणि माझ्या हातात देत म्हणाला, “मग ही पण घे. जोरात मार.”